हवेत एका जागी थांबणारे कीटक
(इयत्ता सहावी व सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पाठासाठी शिक्षकोपयोगी टिपण)

सामान्य विज्ञानाच्या पाठ्यक्रमात कीटकांचे सहा पाय, शरीराचे तीन भाग आणि अंडे, अळी, कोश या अवस्था यांवर पुष्कळ भर दिला जातो. कीटक उडतात कसे, हा प्रश्न मात्र बहुधा ‘पंखांच्या साह्याने’ एवढ्या उत्तरावर मिटविला जातो. विद्यार्थी त्यावर समाधान मानतोच असे नाही. परसातील भोपळ्याच्या फुलासमोर मधमाशी क्षणभर एका जागी थांबते. तिच्या पायांखाली फांदी नसते, की वरून कोणी दोरी धरलेली नसते. घारही पंख न हलविता आकाशात राहते; परंतु ती सतत पुढे सरकत असते, घिरट्या घालीत असते. मधमाशी पुढेही जात नाही आणि खालीही येत नाही. हा फरक ज्या मुलाच्या ध्यानात आला, त्याने खरोखर पदार्थविज्ञानातील एका अवघड प्रश्नाला हात घातलेला असतो.

आणखी एका कारणाने हा विषय वर्गात घेणे अगत्याचे आहे. शाळांच्या दर्शनी फलकांवर आणि स्नेहसंमेलनांतील भाषणांत एक वचन वारंवार आढळते. विज्ञानाच्या नियमांप्रमाणे भुंग्याला उडता येणे अशक्य आहे, परंतु भुंग्याला ते ठाऊक नसल्यामुळे तो उडतो, असा त्याचा आशय असतो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मुलांना धीर यावा, एवढेच त्याला हवे असते. तथापि ही गोष्ट ऐकणारे मूल दोन खोट्या गोष्टी शिकते. निसर्गाचे नियम ज्यांना ठाऊक आहेत त्यांनाच ते बांधतात, ही पहिली. आणि शास्त्रज्ञांची गणिते डोळ्यांसमोरच्या भुंग्यानेही खोटी ठरतात, ही दुसरी. एखाद्या चुणचुणीत मुलीने उभे राहून, ‘गुरुजी, मग गुरुत्वाकर्षण ठाऊक नसलेला दगड विहिरीत पडत नाही काय?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांजवळ तयार असले पाहिजे. ते उत्तर आज उपलब्ध आहे आणि वचनापेक्षा ते अधिक मनोवेधक आहे.

प्रथम त्या गोष्टीचा उगम पाहावा. फ्रान्समधील प्राणिशास्त्रज्ञ आंत्वान माग्नान यांनी १९३४ साली कीटकांच्या उड्डाणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी नमूद केले की, हवेच्या प्रतिकाराचे ज्ञात नियम कीटकांस लावून पाहता गणितज्ञ सेंत-लाग्यू यांच्यासह ते अशा निष्कर्षाला आले की, कीटकांचे उड्डाण अशक्य आहे. माग्नान यांना कीटक उडत नाहीत असे म्हणावयाचे नव्हते, हे उघड आहे. त्यांचा सारा ग्रंथच उडणाऱ्या कीटकांविषयी आहे. वापरलेले नियम या कामास पुरेसे नाहीत, एवढाच त्या विधानाचा सरळ अर्थ होता. पुढे हे विधान तोंडातोंडी फिरले, त्यातील ‘ज्ञात नियम’ हे शब्द गळून पडले आणि उरलेल्या भागाचे सुभाषित झाले. मूळ इंग्रजी गोष्टीत येणारी केसाळ, जाडजूड ‘बम्बलबी’ ही थंड प्रदेशातील माशी असून भारतात ती मुख्यतः हिमालयाच्या परिसरात सापडते. महाराष्ट्रातील मुलांच्या डोळ्यांपुढे येणारा, घराच्या वाशांत वा बांबूत गोल भोके पाडणारा काळा भुंगा हा तिचा दूरचा नातेवाईक होय. उड्डाणाचे तत्त्व मात्र दोघांचे एकच आहे.

विमानाच्या पंखाचे गणित

ते गणित कशाचे होते? विमानाच्या पंखाचे. वर्गात हा भाग थोडक्यात सांगितला तरी चालेल. पंख हवेतून थोडा तिरपा पुढे जातो, तेव्हा तो हवेला खाली लोटतो आणि हवा पंखाला वर लोटते. क्रिया आणि प्रतिक्रिया या नियमाचेच हे उदाहरण आहे. या वर लोटणाऱ्या बलाला येथे ‘उचल’ हा साधा शब्द वापरला आहे. उचल तीन गोष्टींवर अवलंबून असते : पंखाचे क्षेत्रफळ, त्याचा वेग आणि त्याचा तिरपेपणा. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. तिरपेपणा वाढविला तरी उचल वाढते. पण त्याला मर्यादा आहे. सुमारे १५ अंशांपलीकडे पंख तिरपा केला, तर वरच्या बाजूने जाणारी हवा पंखाला धरून वाहत नाही; ती सुटते, उचल एकाएकी घटते आणि विमान खचते. वैमानिकांना याची फार धास्ती असते.

माग्नान यांच्या काळातील हिशेब अशाच पंखासाठी होता. एकाच दिशेने, एकाच वेगाने, ठरावीक तिरपेपणाने जाणारा पंख त्यात गृहीत धरलेला होता. मधमाशीचा पंख यांपैकी काहीच करीत नाही. गृहीत धरलेली गोष्ट आणि प्रत्यक्ष गोष्ट यांत अंतर पडले, म्हणून उत्तर चुकले. बेरीज-गुणाकारात चूक नव्हती. हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यासाठी गणिताच्या तासातील एखादे शाब्दिक उदाहरण घ्यावे. ‘चार गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतात’ या उदाहरणात सर्व गवंडी सारखेच काम करतात असे आपण धरतो. ते धरणे चुकले, तर त्रैराशिक बिनचूक असूनही भिंत वेळेवर उभी राहत नाही.

विहिरीत उभ्याने पोहणारा मुलगा

गावातील ज्या मुलांना पोहता येते, त्यांना या पाठाचा गाभा अगोदरच ठाऊक असतो. खोल पाण्यात उभ्याने एका जागी राहावयाचे झाल्यास पायांबरोबर हातही चालवावे लागतात. हात खाली आपटून भागत नाही. ते पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, मागे-पुढे फिरवावे लागतात आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तळहाताची कड बदलावी लागते. विहिरीवर जाण्याचे कारण नाही. पाण्याने भरलेले मोठे घमेले किंवा पिंप पुरेसे आहे. विद्यार्थ्याने हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवून, तळवा खाली ठेवून, पुढची कड किंचित वर उचलून हात आडवा फिरवावा. हात आपोआप वर येऊ पाहतो, हे त्याला जाणवेल. परत येताना दुसरी कड वर उचलावी; पुन्हा हात वर लोटला जाईल. जाताना आणि येताना, दोन्ही वेळी वरच!

मधमाशी, गांधीलमाशी, घरमाशी आणि मोठे पतंग हेच करतात. फक्त त्यांची कड बदलण्याची रीत निराळी आहे. ती दाखविण्यासाठी सर्व वर्गाला उभे करून उजवा हात बाजूला लांब करावयास सांगावे. तळवा खाली, अंगठा पुढे. हात आडवाच पुढे आणावा. आता परत नेण्यापूर्वी हात उलटा करावा, म्हणजे तळवा वर होईल, आणि अंगठ्याचीच बाजू पुढे ठेवून हात मागे न्यावा. अंगठा म्हणजे पंखाची जाड, पुढची धार. ती नेहमी पुढे असते. जाताना पंखाची एक बाजू वर, तर येताना दुसरी. थांबलेल्या मधमाशीचे शरीर बरेचसे उभे असते आणि पंख वर-खाली न होता जवळजवळ आडवे, मागे-पुढे फिरतात. ‘पंख खाली मारला की माशी वर जाते’ असे सांगण्याची वहिवाट सोडून द्यावी. हेलिकॉप्टरची पातीही अशीच आडवी फिरून हवा खाली लोटतात. परंतु प्राण्याच्या सांध्याला चाकासारखे गरगर फिरता येत नाही, म्हणून कीटकाला अर्धा फेरा करून परत फिरावे लागते.

पंखाचे टोक या हालचालीत हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी रेघ काढते. हे प्रथम एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८६० ते १८७० या दशकाच्या अखेरीस दाखविले. त्याची युक्ती ग्रामीण शाळेतही कौतुकाने ऐकली जाईल. त्याने गांधीलमाशीच्या पंखांच्या टोकांना सोन्याच्या वर्खाचा कण चिकटविला आणि तिला उन्हात धरले. चमकणाऱ्या कणाने आठाचा आकडा काढला. पुढे त्याचा सहकारी ल्यूसिएन बुल याने १९०४ साली सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेणारे यंत्र बनवून उडणाऱ्या कीटकांची छायाचित्रे घेतली.

फळ्यावर करावयाचे एक उदाहरण

सातवीच्या वर्गाकडून पुढील हिशेब करून घ्यावा. पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय जातीच्या मधमाशीचा पंख सुमारे १० मिलिमीटर लांब असतो. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी घेतलेल्या जलद चित्रफितींवरून असे दिसले की, थांबलेली मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलविते आणि प्रत्येक वेळी पंख सुमारे ९० अंशांतून, म्हणजे वर्तुळाच्या चतुर्थांशातून, फिरतो. १० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२.८ मिलिमीटर, त्याचा चतुर्थांश १५.७. जाणे आणि येणे मिळून ३१.४. त्याला २३० ने गुणले की ७,२२२ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास. ताशी हा वेग २६ किलोमीटर होतो. माशी फुलासमोर निश्चल आहे आणि तिच्या पंखाचे टोक भरधाव सायकलीच्या वेगाने धावते आहे, शिवाय सेकंदात ४६० वेळा थांबून उलटे फिरते आहे. ज्या शाळेत हार्मोनियम आहे, तेथे खर्ज सप्तकातील काळी पाच वाजवून दाखवावी. त्या स्वराची कंपने सेकंदाला २३३ च्या सुमारास असतात. मधमाशीचा गुणगुणाट तो हाच. तो तिच्या तोंडातून निघत नाही, हे पुष्कळ मुलांना या वेळी प्रथम कळेल.

परातीतील भोवरा

पंख वेगाने फिरतो, एवढ्याने मात्र प्रश्न सुटत नाही. त्याचा वेग आणि क्षेत्रफळ विमानाच्या नियमात घातले, तर पुष्कळ कीटकांच्या बाबतीत उचल वजनाहून कमी पडते. बरे, कीटक आपला पंख १५ अंशांत ठेवीत नाही. तो ३० ते ४५ अंशांपर्यंत तिरपा धरतो. या तिरपेपणाला विमान खचले असते. कीटक का खचत नाही?

याचे उत्तर पाण्यात दिसू शकते. मोठ्या परातीत चार बोटे पाणी घेऊन त्यात शाई मिसळावी, म्हणजे पाणी गडद होईल. पाणी संथ झाल्यावर पृष्ठभागावर खडूची बारीक पूड किंवा लाकडाचा बारीक भुसा हलक्या हाताने पसरावा. दोन बोटे रुंदीची जाड पुठ्ठ्याची पट्टी मेणबत्तीच्या मेणाने घासून घ्यावी. ती पाण्यात उभी, पण ओढण्याच्या दिशेशी अर्ध्या काटकोनाएवढी तिरपी धरून वीतभर झटकन ओढावी आणि थांबवावी. पट्टीच्या पुढच्या कडेमागे पूड गोल फिरताना दिसेल. हा भोवरा होय. आता तीच पट्टी परातीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढावी. भोवरा तयार होतो, मोठा होतो आणि पट्टीला सोडून मागे राहतो. वर्गातील मुलांनी हे दोन-तीनदा स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढचा भाग सांगू नये.

भोवऱ्याच्या पोटात दाब कमी असतो. पंखाच्या वरच्या अंगाला, पुढच्या धारेमागे असा भोवरा चिकटून राहिला, तर तो पंखाला वर ओढतो आणि उचल पुष्कळ वाढते. विमानाचा सरळ पंख लांब अंतर जात असल्यामुळे त्याचा भोवरा परातीतील दुसऱ्या प्रयोगाप्रमाणे सुटून जातो आणि विमान खचते. कीटकाचा पंख एका फेऱ्यात आपल्या रुंदीच्या काही पटींएवढेच अंतर जातो. भोवरा सुटावयाच्या आत फेरा संपतो, पंख उलटतो आणि दुसऱ्या अंगाला नवा भोवरा धरतो. विमानाला जे संकट वाटते, त्याच्या उंबरठ्यावर कीटक आयुष्य काढतो, असे म्हटले तरी चालेल.

ही गोष्ट प्रत्यक्ष दिसावयास बराच काळ जावा लागला. केंब्रिज येथील चार्ल्स एलिंग्टन यांनी १९८४ साली थांबलेल्या कीटकांच्या उड्डाणावर सहा भागांचा प्रबंध प्रसिद्ध करून, विमानाचे स्थिर प्रवाहाचे गणित येथे पुरे पडत नाही, हे मोजमापांनिशी दाखविले. १९९६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील तंबाखूच्या पिकावर वाढणाऱ्या एका मोठ्या पतंगाची दहापट आकाराची यांत्रिक प्रतिकृती केली. तिचे पंख संथ फिरत होते आणि पंखाच्या पुढच्या धारेतून धूर सोडलेला होता. त्या धुरात भोवरा स्पष्ट उमटला. शिवाय तो जागच्या जागी फिरत नव्हता. पंखाच्या मुळापासून टोकाकडे मळसूत्राप्रमाणे सरकत होता. त्यामुळे तो फुगून सुटत नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. त्रिकोणी पंखांच्या कॉन्कॉर्ड विमानातही उतरताना अशाच भोवऱ्याचा उपयोग होत असे. शेतकऱ्यांच्या मुलांना या पतंगाचे कुळ परके नाही. तिळाच्या पिकावर शेपटीला काटा असलेली जी जाड अळी सापडते, ती याच कुळातील पतंगाची अळी होय.

भोवऱ्याखेरीज आणखी दोन युक्त्या १९९९ साली मायकेल डिकिन्सन व त्यांचे सहकारी यांनी उघड केल्या. त्यांनी फळमाशीच्या पंखाची शंभरपट मोठी, २५ सेंटिमीटर लांबीची प्रतिकृती खनिज तेलाच्या टाकीत बुडवून अगदी हळू फिरविली. तेल कशासाठी, असे मुले विचारतील. लहान वस्तूला हवा अधिक चिकट भासते. विमानाला हवा पाण्यासारखी पातळ, तर फळमाशीला ती तेलासारखी दाट वाटते. लहान पंख हवेत जलद फिरणे आणि मोठा पंख तेलात हळू फिरणे, या दोहोंत आकार, वेग व चिकटपणा यांचे प्रमाण सारखे राखले, तर प्रवाहही सारखाच राहतो. हा नियम ऑस्बर्न रेनॉल्ड्झ यांच्या १८८३ सालच्या प्रयोगांपासून शास्त्रात रूढ आहे. या प्रतिकृतीवरून असे आढळले की, फेऱ्याच्या टोकाशी पंख झटकन उलटतो त्या क्षणी जादा उचल मिळते. तसेच परत फिरताना पंख आपल्याच आधीच्या फेऱ्याने ढवळलेल्या हवेवर आदळतो आणि वाया गेलेल्या शक्तीचा काही अंश परत मिळवितो. नाव वल्हविणाऱ्यालाही आपण उठविलेल्या लाटेतून काही परत मिळवावयाचे, तर फार कौशल्य लागते. माशी ते सेकंदाला शेकडो वेळा करते.

टाळी वाजविणारी गांधीलमाशी

एलिंग्टन यांच्या अगोदर, १९७३ साली, केंब्रिज येथेच तोर्केल वाइस-फोघ या डॅनिश शास्त्रज्ञाने एका निराळ्या युक्तीचा छडा लावला होता. पिकांवरील पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडी घालणारी, एक मिलिमीटरहून लहान अशी गांधीलमाशीच्या गणातील एक जात आहे. ती सेकंदाला सुमारे ४०० वेळा पंख हलविते. एवढ्या लहान प्राण्याला हवेचा चिकटपणा फार बाधतो. ही माशी प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी दोन्ही पंख पाठीवर टाळीसारखे मिटते आणि मग पुस्तक उघडावे त्याप्रमाणे पुढच्या धारेकडून उघडते. उघडणाऱ्या फटीत हवा जोराने शिरते आणि पंखांभोवतीचा प्रवाह तात्काळ सुरू होतो. वर्गात उदबत्तीच्या धुराजवळ दोन पोस्टकार्डे एकमेकांस चिकटवून धरावीत आणि एका कडेकडून झटकन उघडावीत. धूर आत ओढला जाताना शेवटच्या बाकावरूनही दिसतो. खिडक्या मात्र लावून घ्याव्यात.

सर्व कीटकांची रीत एक असते, असा समज मात्र होऊ देऊ नये. चतुराचे चारही पंख तिरप्या रेषेत खाली-वर चालतात. २००४ सालच्या एका अभ्यासाप्रमाणे थांबलेल्या चतुराच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भार पंखांना होणारा हवेचा अवरोधच पेलतो, म्हणजे तो पंखांनी वल्ही मारतो असे म्हणता येईल. डास उलट टोकाला आहे. त्याचा पंख जेमतेम ४० अंशांतून फिरतो. मात्र तो सेकंदाला सहाशे-सातशे वेळा फिरतो, म्हणून त्याची गुणगुण इतकी बारीक असते. या डासाचा प्रवाह २०१७ साली मोजण्यात आला आणि त्यात पंखाच्या मागच्या धारेवरही भोवरा सापडला.

इतक्या वेगाने स्नायू आखडतात तरी कसे, हा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारील. मधमाशी व माशी यांचे उड्डाणाचे मोठे स्नायू पंखांना जोडलेलेच नसतात. ते छातीच्या कवचाला जोडलेले असतात. उभे स्नायू आखडले की कवचाचे छत खाली दबते आणि पंख एका बाजूस जातात. आडवे आखडले की छत फुगते आणि पंख परत येतात. पत्र्याच्या डब्याचे झाकण दाबले असता ‘टक्’ करून आत जाते आणि सोडले की बाहेर येते, तो प्रकार दाखवावा. एक स्नायू आखडला की दुसरा ताणला जातो आणि ताणला गेल्यामुळेच तो आखडतो. प्रत्येक फेऱ्यासाठी मज्जातंतूचा स्वतंत्र हुकूम लागत नाही. झोपाळ्याला योग्य वेळी थोडासा धक्का दिला की तो आपल्या लयीत चालतो, तसे हे आहे. म्हणूनच मधमाशीला पंखांची गती फारशी कमी-अधिक करता येत नाही. अधिक उचल हवी असल्यास ती पंखांचा फेरा रुंद करते.

या शेवटच्या वाक्याचा पुरावा फलकावरील सुविचाराच्या संदर्भात विशेष सांगण्यासारखा आहे. चीनमधील सिचुआन प्रांतात ३,२५० मीटर उंचीवर राहणाऱ्या बम्बलबी दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एका पेटीत ठेवल्या आणि पेटीतील हवेचा दाब पायरीपायरीने कमी केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही माश्या ९,००० मीटरहून अधिक उंचीवरील हवेइतक्या विरळ हवेतही जागच्या जागी उडत राहिल्या. एव्हरेस्ट शिखराची उंची ८,८४९ मीटर आहे. माश्यांनी पंखांची गती वाढविली नाही. फेऱ्याची रुंदी वाढविली. ज्या प्राण्याला उडताच येऊ नये असे म्हणतात, त्याच्याजवळ एवढी शक्ती शिलकीत असते.

निरीक्षण

प्रयोगांइतकेच महत्त्व निरीक्षणाला द्यावे. कीटक पकडू देऊ नयेत, पंख उपटू देऊ नयेत आणि पोळ्याजवळ मुलांना नेऊ नये. तुरीच्या फुलांवर काळा भुंगा, भोपळ्याच्या फुलांवर मधमाशी आणि पावसाळ्याच्या अखेरीस पाण्याच्या डबक्यांवर चतुर सहज आढळतात. धन्याला वा मोहरीला फुलोरा आला असता त्यावर पिवळ्या पट्ट्यांची एक माशी हवेत खिळल्यासारखी थांबलेली दिसते. मुले तिला मधमाशी समजून दूर पळतात. तिला चार नव्हे, दोनच पंख असतात, डोळे मोठे असतात आणि नांगी नसते. तिच्या कित्येक जातींच्या अळ्या मावा खातात, तेव्हा ती शेतकऱ्याची मित्र आहे. तिच्या मागच्या दोन पंखांच्या जागी गाठ असलेल्या दोन बारीक काड्या उरलेल्या असतात. त्याही पंखांबरोबर हलतात आणि शरीर कोणत्या बाजूस वळते आहे ते तिला कळवितात. घरमाशीतही ही रचना असते. मेलेली माशी भिंगाखाली ठेवली असता ती सहज दिसते.

प्रत्येक गटाने आठवडाभर वहीत चार गोष्टींची नोंद करावी : कीटक कोणता, कोणत्या फुलासमोर थांबला, एक-दोन-तीन असे सावकाश मोजता किती अंकांपर्यंत थांबला आणि त्या वेळी शरीर आडवे होते की उभे. वारा असताना व नसताना काय फरक पडतो, तेही लिहावे; वाऱ्यातही फुलासमोर जागा न सोडणारी माशी हवेच्या हिशेबाने पुढे उडत असते, हे सातवीच्या मुलांना थोड्या विचाराने स्वतःच उमगेल. दिवे लागण्याच्या सुमारास सदाफुलीच्या ताटव्याजवळ मोठा पतंग येतो. तो फुलावर बसत नाही. समोर थांबून लांब सोंड आत घालतो आणि दुसऱ्या फुलाकडे जातो. तेवढ्या अवधीत त्याचे पंख केवळ धूसर डागासारखे दिसतात. मुलांनी त्या डागाची आकृती काढावी आणि दुसऱ्या दिवशी ती मारे याच्या आठाच्या आकड्याशेजारी फळ्यावर काढून दाखवावी.